कार्यक्रम कुणासाठी ठेवला होता?

तव्यावर भाकरी असेल, गोठ्यात धार काढायची राहिली असेल, तर हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. भोर आणि वेल्हे तालुक्यातल्या आठ बचत गटांच्या आम्ही बायका आज तुमच्याशी बोलतोय. वेल्ह्याला आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणतात, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच बसलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे गाण्याचा कार्यक्रम. हसू नका. कर्ज, हप्ता, तांदळाचा भाव यावर आपण नेहमीच बोलतो. पण वर्षातून एकदा सगळ्याजणी मिळून गाणं ऐकायला जमतो, त्यासाठी पदरचे पैसे काढतो, आणि तोच कार्यक्रम फसला तर गटाचं काय होतं, हे आम्ही अनुभवलंय. तेच सांगायचंय.

मागं एकदा 8 मार्चला आम्ही आठ गटांनी मिळून मेळावा ठरवला. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव निवडलं, म्हणजे भोरकडच्या आणि वेल्ह्याकडच्या दोघींनाही सोयीचं. शाळेचं पटांगण मिळालं. प्रत्येक गटानं 2,000 रुपये दिले. त्यातले बरेचसे इंद्रायणी तांदूळ आणि नाचणीचे पापड विकून आलेले. शिवाय बाईमागं 50 रुपये वर्गणी. असे 25,000 च्या आसपास जमले. हळदीकुंकू, चहा-नाश्ता आणि संध्याकाळी 5 वाजता मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, असं ठरलं. ऑर्केस्ट्रावाल्यांनी 30,000 सांगितले होते. आम्ही घासाघीस करून 20,000 वर आणले. आमच्या खजिनदार ताईंची तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. पैसे आधीच सगळे पाठवून दिले.

दुपारी 4 पासून बायका जमल्या. लुगड्यातल्या म्हाताऱ्या, लेकरं कडेवर घेतलेल्या सुना, सासूला सांगून आलेल्या, न सांगता आलेल्याही. वरच्या धनगरवाड्यावरची एक आजी तर तासभर डोंगर उतरून रस्त्याला आली आणि तिथून जीपनं. तिनं आयुष्यभर गाणं रेडिओवरच ऐकलेलं. समोर बसून पेटी-तबल्यावर गाणारी बाई तिला एकदा बघायची होती. विठ्ठलाचा एखादा अभंग म्हणायला सांगा, एवढा तिचा निरोप.

5 वाजले, 6 वाजले. फोन केला की "खेड शिवापूरला ट्रॅफिकमध्ये आहे." सव्वासातला गाडी आली. मग स्पीकर उतरवणं, वायरी जोडणं, "हॅलो हॅलो, चेक चेक" यात पाऊण तास. आठला कार्यक्रम सुरू झाला. तोवर वेल्ह्याकडच्या जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला होता. गाडीतून उतरले कोण, तर दोन गायक, एक निवेदक आणि एक लॅपटॉप. पेटी नाही, तबला नाही, ढोलकी नाही. पहिलंच गाणं नाचाचं लागलं. आवाज ऐकून गावातली पोरं आली ती थेट पुढं, आणि आम्ही सतरंजीवर बसलेल्या बायका त्यांच्या पाठी बघत राहिलो. एका गाण्यात गाणाऱ्या ताईंनी माइक खाली घेतला, बाटली उघडून पाणी प्याल्या, आणि गाणं आपलं चालूच. लेकरं खो-खो हसली. निवेदक आम्हालाच म्हणाला, "महिला मंडळ झोपलंय का? टाळ्या कुठं आहेत?" 9 ला सगळं आवरून गाडी निघूनही गेली. अभंग झालाच नाही.

परतताना जीपमध्ये ती आजी म्हणाली, "बाई, गाणं झालं का? मला वाटलं अजून माइकच तपासतायत."

त्या वेळी आम्ही हसलो. घरी गेल्यावर मात्र वाईट वाटलं.

खरी गडबड पुढच्या मासिक बैठकीत झाली. "20,000 गेले, कुणी ठरवलं होतं?" "हिशोब दाखवा." "घासाघीस केली म्हणता, मग मधले कुणी खाल्ले?" ज्या ताईंची पाठ थोपटली होती, त्यांच्यावरच बोट आलं. त्यांनी सगळ्या पावत्या पुढं ठेवल्या, एक रुपयाचाही फरक नव्हता, तरी त्यांचे डोळे भरून आले. दोघी बायकांनी गट सोडला. एकीच्या घरात आधीच कुरबुर होती, तिच्या मालकांना तर आयतं कारण मिळालं. म्हणजे बघा, एक संध्याकाळ वाया गेली ते सोडून द्या. एकमेकींवरचा विश्वास गेला. तांदूळ विकून पैसे परत येतील, विश्वास कुठून आणायचा?

मग आमच्यातल्या एका वहिनीनं सुचवलं की आपापसात भांडण्यापेक्षा त्यांनाच फोन करून विचारू. फोन स्पीकरवर ठेवला. ऑर्केस्ट्रावाले दादा म्हणाले, "ताई, 30,000 ला सहा माणसं येतात, ढोलकी, तबला, कीबोर्ड सगळं. तुम्ही 20,000 केले. तेवढ्यात दोन गायक आणि लॅपटॉपच येतो. आणि 8 मार्चला सगळीकडूनच बोलावणं असतं, त्या दिवशी आमचा आधी एक कार्यक्रम होता." आम्ही विचारलं, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तुम्ही विचारलं नाही."

राग आला. आजही येतो. एका दिवशी दोन सुपाऱ्या घ्यायच्या, उशिरा यायचं आणि वर ऐकणाऱ्यांनाच बोलायचं, ही चूक त्यांचीच. पण फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकींकडे बघितलं. खरंच, आम्ही काय विचारलं होतं? फक्त "किती घेणार?" किती माणसं येणार, कोणती वाद्यं, किती वेळ, कोणती गाणी, काहीच नाही. भाजी घेताना आपण मेथीची जुडी उलटी करून बघतो, आणि 20,000 चा कार्यक्रम आम्ही न बघता घेतला होता.

आता गावातल्या पुरुषांचं बघा. चैत्रात आपल्याकडच्या यात्रा सुरू होतात. ज्या गावाला तमाशा आणायचा, तिथली यात्रा कमिटी त्याआधीच जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जाते. तमाशाची पंढरी म्हणतात त्या गावाला. तिथं हंगामात फडमालक राहुट्या टाकून बसतात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात. समोरासमोर बसून बोलणं होतं. तारीख, रक्कम, कलावंत किती, रात्रीचा खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, सगळं ठरतं, विसार दिला जातो, कागद होतो. वर्षानुवर्षांची रीत आहे ती. आमच्याच घरातले पुरुष ती पाळतात. आम्हाला ती माहीत नव्हती, कारण त्या बोलण्यात आम्हाला कधी कुणी बसवलंच नाही. यात्रेच्या वर्गणीत घरामागं पैसे जातात, त्यात आपल्याही कष्टाचे असतात. पण रात्रीच्या तमाशाला आपण जात नाही, आणि कोणता कार्यक्रम आणायचा हेही आपल्याला कुणी विचारत नाही.

नारायणगावचा विषय निघाला म्हणून विठाबाईंची आठवण काढू. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. त्यांची एक गोष्ट सगळीकडे सांगतात. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, तशा आत गेल्या, तिथंच बाळंत झाल्या, आणि पब्लिक थांबलंय म्हणून पुन्हा बाहेर नाचायला आल्या. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात. आपण बाळंतपण काढलेल्या बायका आहोत. आपल्या अंगावर काटा येतो. ऐकणाऱ्यांनी नाराज होऊ नये म्हणून कलावंताला किती सोसावं लागतं, हे त्यातून कळतं. आणि 2020, 2021 ला कोरोनानं यात्रा बंद झाल्या तेव्हा याच कलावंतांच्या चुली थंडावल्या. म्हणून आम्ही ठरवलं, की कलावंताचा राग-राग करायचा नाही आणि त्यांच्या पोटावर येईल इतकी घासाघीसही करायची नाही. 20,000 च असतील तर "20,000 मध्ये तुम्ही काय देता?" असं विचारायचं, आणि ते पटलं नाही तर दुसरीकडे बघायचं.

पुढच्या वर्षी पुन्हा विषय काढला तेव्हा निम्म्या बायका "नकोच ते गाणं" म्हणाल्या. त्यांची समजूत घालायला दोन बैठका गेल्या. या वेळी आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी विचारलं, ऐकायला येणार कोण? बायका. त्यांना कधी सवड असते? धार काढायच्या आधी, म्हणजे दुपारी. परत कशा जाणार? जीपनं, उजेड आहे तोवर. मग कार्यक्रम 5 ला कशाला? अडीचला ठेवला.

उशीर झाला की नंतर वेळ भरून काढता येत नाही, हेही ध्यानात घ्या. 2000 सालापासून कायदाच आहे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही. सरकार वर्षातले ठराविक दिवस सवलत देतं, पण तो दिवस आपलाच असेल असं नाही. संध्याकाळचा कार्यक्रम नऊला सुरू झाला तर तो तासाभरातच संपतो, आणि पैसे मात्र पुरे जातात.

या वेळी तालुक्यातलीच एक गाणारी ताई शोधली. तिच्याबरोबर एक पेटीवाले आणि एक तबलजी. तिच्या घरी जाऊन तिचं गाणं ऐकलं. प्रत्येक गटाकडून गाणी मागवली, त्यातली बारा निवडली. एका कागदावर लिहिलं: किती माणसं, कोणती वाद्यं, किती वाजता सुरू, किती वेळ, कोणती गाणी. निम्मे पैसे आधी, निम्मे कार्यक्रम झाल्यावर. खाली दोघांच्या सह्या. त्या ताईला त्याचा राग आला नाही. उलट म्हणाली, "बरं झालं लिहिलंत, मलाही कळलं की जेवण तुमच्याकडं आहे."

बसायची व्यवस्थाही बदलली. म्हाताऱ्या पुढं, लेकुरवाळ्या कडेला म्हणजे उठता येईल, आणि पोरांना मागं खुर्च्या. दोन स्पीकर होते, ते गाणाऱ्यांच्या पुढं ठेवले. माइकच्या समोर स्पीकर आला की तोच आवाज परत माइकमध्ये जातो आणि ती कान फाडणारी शिट्टी वाजते.

कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला. सगळं बिनचूक झालं असं म्हणणार नाही. एका उंच गाण्यात त्या ताईचा आवाज फाटला. ती थांबली, हसली आणि म्हणाली, "हे गाणं लताबाईंनी फार वरच्या सुरात गायलंय, मी जरा खाली घेते." पेटीवाल्यांनी सूर उतरवून दिला आणि तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. कुणीच नाराज झालं नाही. उलट सगळ्यात जास्त टाळ्या त्याच गाण्याला पडल्या. तेव्हा आम्हाला कळलं, समोरचं माणूस चुकलं म्हणून आपण हिरमुसत नाही. आपल्याला गृहीत धरलं, फसवलं, की मन मोडतं.

पण त्या दिवशी आणखी एक कार्यक्रम पडला, आणि तो आमचाच होता. तोही सांगायला हवा.

मध्ये वीस मिनिटं आपल्याच बायकांनी ओव्या म्हणायच्या, असं ठरवलं होतं. दोन ताया, लग्नाच्या हळदीत ज्यांचा आवाज चार घरं ऐकतात अशा. त्यांना स्टेजवर उभं केलं, हातात माइक दिला, पेटीवाल्यांना साथ करायला सांगितलं. त्यांनी सवयीनं काळी एकचा सूर दिला. गावच्या भजनात पुरुष गातात तो हा सूर. बाईचा आवाज सहसा काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. या दोघींना धड वर जाता येईना, धड खाली. एकीनं माइक तोंडाला चिकटवला, दुसरीनं लांब धरला. दोन ओव्या झाल्या आणि दोघी पदर सावरत खाली उतरल्या. एक म्हणाली, "मला येतच नाही वाटतं."

तिला येत नव्हतं असं नाही. जागा चुकली होती. ओवी स्टेजची कधी नव्हतीच. पहाटे जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा, जात्याची घरघर हाच सूर आणि त्याचा फेरा हाच ताल. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. समोर ऐकणारं कुणी नाही, म्हणून तर सासरचं, माहेरचं, मनातलं सगळं बोलता यायचं. आपल्या शेजारच्या मुळशीच्या डोंगरी भागात काम करताना हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी बायकांच्या या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हजाराहून जास्त गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यासाठी त्यांनी बायकांना स्टेजवर बोलावलं नाही. ते बायकांच्या घरी गेले, त्यांच्याजवळ बसले, गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. 'पारी' नावाचा ग्रामीण भारताचा संग्रह आहे, त्यावर मोबाईलवरही त्यातल्या ओव्या ऐकता येतात. लेकीला सांगा, काढून देईल.

आमच्या एका ताईला हे ठाऊक होतं. तिनं शेजारच्या घरातून जातं आणवलं. शाळेच्या ओट्यावर पोतं अंथरून त्यावर ठेवलं. माइक बंद केला. मूठभर नाचणी घातली आणि त्याच दोघींना खुंटा धरायला बसवलं. आम्ही सगळ्या भोवती गोल करून बसलो. पहिले दोन फेरे नुसतेच झाले. मग एकीनं ओळ टाकली, दुसरीनं उचलली, आणि तिसरी ओळ गोलातून आली. कुणी टाकली म्हणून बघतोय तर ती वरच्या धनगरवाड्यावरची आजी. तिला या वर्षी तिची नातसून घेऊन आली होती. आजीनं एकामागून एक ओव्या म्हटल्या. त्यातल्या एकीत तिच्या गेलेल्या भावाचं नाव होतं. मागं खुर्च्यांवर बसलेली पोरंसुद्धा गप्प झाली.

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला तशी आजी उठली. गाण्याबद्दल काही बोलली नाही. चहात साखर कमी होती, एवढं मात्र सांगून गेली.

गट सोडलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी नाही आली. तिच्या घरचं कारण वेगळं असेलही, पण निमित्त आम्ही दिलं, याची टोचणी आम्हाला आहे.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गावात यात्रा असो, सप्ताह असो, हळदीकुंकू असो की 8 मार्च, कार्यक्रम ठरवताना पाच गोष्टी विचारा. लिहून घ्या, आम्ही सावकाश सांगतो.

पहिली, कार्यक्रम कुणासाठी आहे? त्यांच्या सवडीची वेळ धरा, आणि त्यांची बसायची जागा आधी ठरवा.

दुसरी, पैशात काय-काय येणार? किती माणसं, कोणती वाद्यं, किती वेळ. गाणं खरंच गाणार की लावणार, हे स्पष्ट विचारा. लाजू नका.

तिसरी, त्याच दिवशी त्यांचा दुसरा कार्यक्रम आहे का? असेल तर तारीख बदला, नाहीतर माणूस बदला.

चौथी, ठरलेलं कागदावर उतरवा आणि निम्मे पैसे हातात ठेवा. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला की उरलेले लगेच द्या, कलावंताला ताटकळत ठेवू नका. पाणी, जेवण आणि कपडे बदलायला बंद खोली, हे त्यांचं मागणं आपण न मागता पुरवायचं.

पाचवी, ठरवायला एकटीला पाठवू नका. तिघीजणी जा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मग कार्यक्रम फसला तरी बोट एकीवर जाणार नाही.

आणि गावच्या यात्रा कमिटीत यंदा दोन बायका घ्या, असं ग्रामसभेत उठून म्हणा. एकदा म्हणून होणार नाही. पुन्हा म्हणा.

आमच्या खजिनदार ताई आजही खजिनदारच आहेत. हे बोलणं त्यांनी आधी वाचलं आणि म्हणाल्या, "पावत्या दाखवल्याचं सांगा बरं का." सांगितलं ताई.

येतो आम्ही. तुमच्या गावच्या कार्यक्रमाला बोलवा, पण जीपची वेळ आधी कळवा. नमस्कार.